हाकाईचा मोबाईल कौल

२०२३ साल. आमच्या जिल्ह्याचं नाव सरकारी कागदावर अजून अहमदनगरच होतं, आणि भोयरखडीच्या टेकडीवर मंगळवारी एवढी माणसं जमत की शेवगावहून येणाऱ्या जीपा खाली ओढ्यापाशीच अडकून पडत. टेकडीवर हाकाईचं ठाणं. हाक मारली की ओ देते म्हणून हाकाई. त्या साली मात्र ती मोबाईलवर ओ देत होती.

शेंदूर फासलेल्या तांदळ्यासमोर, म्हणजे देवीच्या दगडासमोर, एक पाट, पाटावर लाल खण आणि खणावर हळदीकुंकू वाहिलेला, झेंडूची माळ घातलेला मोबाईल. शेजारी भगवा शर्ट घालून कल्याणबाबा बसायचा. ज्याला कौल लावायचा त्याने देवीला मोठ्याने प्रश्न विचारायचा आणि आपल्या माणसाचा नंबर सांगायचा. बाबा व्हिडिओचं बटण दाबायचा. पलीकडचं माणूस पडद्यावर दिसलं तर उजवा कौल, म्हणजे देवीचा होकार. नुसतंच चक्र फिरत राहिलं आणि फोन तुटला तर डावा.

पाथर्डीकडच्या एका म्हाताऱ्याने नातवाच्या नोकरीचा कौल लावला, तेव्हा मी तिथेच होते. खाली पारावर फोनवर साधं बोलणं धड पुरं होत नव्हतं, आणि इथे एवढ्या जमावात मस्कतचा नातू पडद्यावर हसताना दिसला, मागचा पंखा फिरतोय तोसुद्धा. बायांनी जमिनीला डोकी टेकवली. म्हातारा लहान मुलासारखा रडला.

"रेंज काय कंपनी देती व्हय?" कल्याणबाबा सांगायचा. "कंपनी निस्तं बिल देती. रेंज आई देती. वर उपग्रह, खाली हाकाई, मधी हा कल्याण. आमचा टावर लोखंडाचा न्हाई, भक्तीचा हाय."

लोक माना डोलवायचे. कौल लावण्याची रीत आमच्याकडे जुनीच. पूर्वी तांदळ्याच्या दोन्ही खांद्यांना फुलाच्या पाकळ्या चिकटवत आणि उजवी आधी पडते की डावी ते पाहत. लग्न, विहीर, भाऊबंदकी, सगळं त्यावर ठरायचं. पाकळीच्या जागी मोबाईल आला, एवढंच.

कौलाआधी बाबा एक गोष्ट करायचा. कधी 'मौन' सांगायचा. मग सगळ्यांनी आपापल्या फोनवर विमानाचं चिन्ह दाबून तो बंद पाडायचा आणि हात वर करून दाखवायचा. कधी 'जागर' सांगायचा. मग सगळ्यांनी एकदम घरी व्हिडिओ लावायचा आणि घरच्यांना देवीची आरती दाखवायची. केव्हा मौन आणि केव्हा जागर, हे म्हणे आईच त्याच्या कानात सांगायची.

मी का जायचे तिथे? भक्तीने नाही. मी त्याच्यावर डोळा ठेवून होते.

माझी थोरली बहीण मनकर्णा याच गावात दिलेली. १९७८ साली तिचं धाकटं मूल पाळण्यात गेलं आणि तिच्या सासऱ्याने कौल लावला. कौल लावणारा राधाकृष्ण भगत, या कल्याणचा बाप. डावी पाकळी आधी पडली. "बाई घराला लाभत न्हाई," एवढं बोलून भगत चिलीम भरायला बसला. मनकर्णाला त्याच दिवशी बेलापूरला आमच्या माहेरी आणून सोडलं. थोरला मुलगा भीमा त्यांनी ठेवून घेतला. मी तेव्हा नगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. सुट्टीवर आले की मनकर्णा एकच विचारायची, भीमा जेवतो का नीट? पुढच्या उन्हाळ्यात ती विहिरीत सापडली.

खूप वर्षांनी भगताची बायको मला एकदा सहज सांगून गेली. जी पाकळी टिकायला हवी ती तुपाने चिकटवायची आणि जी पडायला हवी ती नुसत्या पाण्याने. पाणी वाळलं की पाकळी पडते. ती सांगताना हसत होती. नवऱ्याची हुशारी म्हणून सांगत होती. तोवर भगत मेला होता. मी कुणावर तुटून पडणार?

मी लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भीमाच्या शेतात दोन खोल्या बांधून राहिले. गावात मला टेलिफोनवाली राहीबाई म्हणतात. कल्याण बरीच वर्षं बाहेर होता. परतला तो दाढी वाढवूनच. गावाला त्याने हिमालय सांगितला. गावाला हिमालय पटला.

तो फोडला निकिताने. निकिता म्हणजे आमच्या शेजारच्या भागिरथीची सून, माहेर कर्जतचं. नवरा संदीप पिंपरीला कारखान्यात. पोरगी बोलायला मोकळी. एका मंगळवारी पाया पडून झाल्यावर तिने सगळ्यांदेखत विचारलं, "बाबा, तुमी कर्जतच्या ष्टँडबाहेर छत्रीखाली सिमकारड विकायचे ना? मंग मला एक सांगा. फोनात रेंजच्या कांड्या चारीच्या चारी दिसत्यात, तरी फोन का लागत न्हाई?"

बाबा हसला. "पोरी, छत्रीखाली बसलेला तो माझा देह हुता. आत्मा हिमालयात." लोकही हसले. पण त्याचे डोळे हसले नाहीत, ते मी पाहिलं. ते डोळे बापाचेच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भागिरथीची म्हैस मेली आणि संदीपचं बोट मशीनमध्ये सापडून चेचलं. भागिरथी वाईट बाई नाही, पण नवऱ्यामागे एकटीने सगळं ओढलेलं, धसका लवकर घ्यायची. ती बाबाकडे गेली. बाबाने डोळे मिटून सांगितलं की घरात नव्याने आलेल्या पावलांचा कौल लावावा लागेल. तीन मंगळवार, तीन कौल. तिन्ही डावे पडले तर सुनेने मंगळसूत्र देवीच्या ओटीत टाकायचं आणि माहेरी जायचं, कायमचं.

पहिल्या मंगळवारी बाबाने जागर सांगितला. संदीप पडद्यावर आला नाही. कौल डावा.

दुसऱ्या मंगळवारीही जागरच. निकिताला समोर उभं केलं होतं. माणसं फोन उंच धरून आरती दाखवत होती आणि तिच्याकडे असं बघत होती जसं रोगट जनावराकडे बघतात. पाटावरच्या फोनमध्ये चक्र फिरत राहिलं. "आईनं वाचा आवरली," बाबा म्हणाला. सगळं चिडीचूप झालं, आणि नेमका तेव्हाच माझ्या पिशवीतला फोन वाजला.

माझ्या फोनचीही गावाला गंमत वाटायची. कधीतरी बाजाराच्या दिवशी एका कंपनीने मांडव टाकून फुकट कार्डं वाटली होती, तेव्हा गावासकट अख्खी पंचक्रोशी त्या कंपनीत गेली. देवीचा मोबाईलही त्याच कंपनीचा. मी मात्र ज्या खात्यात जन्म घालवला त्या सरकारी खात्याचंच कार्ड ठेवलं. भीमा म्हणायचा, "मावशी, तुझ्या डबड्यावर व्हिडिओ उघडस्तवर जवारी काढायला यील." खोटं नव्हतं ते. पण टेकडीवर शेकडो फोन मुके पडलेले असताना ते डबडं खणखणत होतं. फोन शाळेतल्या प्रज्ञाबाईंचा होता आणि आवाज अगदी स्वच्छ.

बाबा सावरायला पटाईत. "म्हातारं माणूस हाय. आई सूट देती," म्हणाला. परत सगळे हसले.

त्या संध्याकाळी भागिरथीने सुनेची पेटी ओट्यावर काढून ठेवली. निकिता माझ्या खोलीत आली, गुडघ्यात डोकं घालून बसली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, फोन लागला न्हाई, त्यात माझं काय चुकलं?"

मनकर्णानेही पहिल्या भेटीत एकदा असंच विचारलं होतं, पाकळी पडली त्यात माझं काय चुकलं? तेव्हा मी तिला नुसतं जवळ घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रज्ञाबाईंना घेऊन दुपारची टेकडी चढले. प्रज्ञा शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्या घरातलं कुणी या ठाण्यावर कौलाला गेलेलं नाही. ती पहिल्यांदाच वर येत होती. टेकडीवर एक कुत्रं तेवढं होतं. तिने दोनतीन कंपन्यांचे फोन आणले होते. गावाच्या कंपनीच्या फोनवरून माझ्या बेलापूरच्या भावजयीला व्हिडिओ लावला. एका दमात लागला. भावजय गवार मोडत होती, ती शेंगन्‌शेंग दिसली.

"कांड्या आजही चार," प्रज्ञा म्हणाली. "काल किती होत्या?"

"चारच."

"मग काल नव्हतं असं आज काय आहे?"

"आज काही नाही ग," मी म्हणाले. "काल होती ती माणसं नाहीत."

आणि बोलता बोलता मला नगरचं एक्स्चेंज दिसलं. पाडव्याची सकाळ, कानाला हेडफोन, समोर बोर्ड. मुंबईच्या लाईनी मोजक्या आणि बोलायचं सगळ्या नगरला. सगळ्या लाईनी भरल्या की आम्ही सांगायचो, थांबा. लोक शिव्या द्यायचे. त्यांना वाटायचं, ऑपरेटर मुद्दाम जोडत नाही. आमच्या तारा शाबूत असायच्या, यंत्रही चालू असायचं. जागा नसायची, एवढंच.

प्रज्ञाने नीट उलगडून सांगितलं. टॉवरलाही तसंच. एका वेळी तो ठरावीक ओझं उचलतो. व्हिडिओचं ओझं बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त. फोनवरच्या कांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज इथवर पोचतो. त्याच्यापाशी किती जण रांगेत आहेत, ते कांड्या सांगत नाहीत. एका कंपनीचा टॉवर तुंबला म्हणून दुसरीचा तुंबत नाही, म्हणून माझा फोन वाजला. तो भारी होता म्हणून नाही, तर त्या कंपनीत मी एकटीच होते म्हणून.

मौन म्हणजे रस्ता मोकळा. जागर म्हणजे रस्ता तुंबला. ज्याला होकार द्यायचा त्याला मौन, ज्याला बुडवायचं त्याला जागर. बापाच्या तुपाची आणि पाण्याची पोराने ही नवी सोय केली होती.

प्रज्ञा म्हणाली, कायदा आहे, पोलिसात जाऊ. मी म्हणाले, जाऊ, पण नंतर. पोलिसांनी आधी नेला तर गाव म्हणेल, साधूचा छळ केला, आणि निकिताच्या माथी त्याचंही खापर. मला तो लोकांसमोर पडायला हवा होता. त्याच्याच देवीसमोर, त्याच्याच फोनने. कल्याण १९७८ साली चड्डीतला पोर होता हे मला माहीत होतं. पण बापाचं दुकान त्याने चालवायला घेतलं होतं, तर बापाची बाकीही मी त्याच्याकडूनच वसूल करणार होते.

सोमवारी मी त्याला निरोप धाडला, की ठाण्यापुढे सभामंडप बांधून द्यावा असं मनात आहे, पण आधी आईचा कौल हवा. निरोप घेऊन गेलेला भीमा सांगत आला की बाबाने स्वतः उठून त्याला चहा दिला.

तिसरा मंगळवार. निकिता हिरवी साडी नेसून खाली मान घालून उभी. भागिरथीच्या हातात ओटीचं ताट. बाबाने आधी माझा कौल घेतला. मंडपाचा कौल डावा कोण पाडेल?

"मौन," तो गरजला. "राहीमावशीचा कौल हाय. सगळ्यांनी फोनातलं इमान दाबा. एक बी फोन जित्ता नको."

शेकडो हात वर झाले, शेकडो फोन मेले. मी प्रज्ञाचा नंबर सांगितला. ती मुद्दाम शेवगावला जाऊन बसली होती. बाबाने बटण दाबलं. आता फिरवायला त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. मी पदर खोचला आणि मोठ्याने म्हणाले, "आई हाकाई, हा कल्याण लबाड असंल तर उजवा दे."

तो फोन तोडायला झेपावला, पण त्याआधीच प्रज्ञा पडद्यावर आली. नमस्कारसुद्धा केला तिने.

सभेत वारा शिरावा तशी कुजबुज झाली.

"प्रश्न बदलला," कल्याण म्हणाला. "असा कौल धरत नसत्यात."

"आईला प्रश्न कळला न्हाई म्हन्तोस?" मी विचारलं. गावात राहून माझीही जीभ गावाची झालेली. "बरं, परत लावू. ह्या टायमाला तुझ्या बाजूनं. कल्याण खरा असंल तर आईनं उजवा द्यावा. फकस्त मौन नको. जागर करा. सगळ्यांनी लावा घरी व्हिडिओ, घरच्यांनी बी बघू द्या."

माणसांना तर तेच हवं होतं. फोन वर झाले, आरत्या सुरू झाल्या. कल्याणने हात पसरले. "जागर न्हाई. मौन धरा. मौन."

"का?" हे मी नाही विचारलं. भागिरथीने विचारलं. ताट तिच्या हातात तसंच होतं. "आई जागरात बोलत न्हाई का, बाबा?"

"मौनच लागतं."

"मौन का लागतं?"

समोर गर्दी सरकत जवळ येत होती. देवीनेच लबाड ठरवलेला माणूस, आणि परीक्षेला घाबरतोय. मागून कुणीतरी ओरडलं, आईच्या पाटाजवळनं उठवा त्याला. एकाने त्याची गचांडी धरली. तेव्हा कल्याणचा हिमालय सुटला आणि छत्रीखालचा कल्याण बोलला.

"आरं, एवढ्या जनांनी एकदम लावल्यावर फोन लागंल कसा? टावरला झेपतं का ते? देवी-बिवी काय न्हाई त्याच्यात. म्हातारीनं फोन बंद असताना लावला म्हनून लागला. कुनी बी लावा, लागंल."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

मी ते वाक्य लोकांच्या कानात नीट उतरू दिलं. पंचेचाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं घाईने कशाला उरकायचं?

भागिरथी दोन पावलं पुढे आली. "मंग माझ्या सुनंच्या टायमाला दोन्ही डाव जागर का लावलास?"

मी काही बोलायला पुढे झाले.

"मला इच्यारू दे, आक्का," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. "सांग ना रे. लागनार न्हाई हे ठावं हुतं, तरी का लावलास?"

तिने ताट खाली ठेवलं आणि त्याच हाताने त्याच्या मुस्काटात मारली. मी मारली असती तर इतकी लागली नसती.

मग मी उभी राहिले आणि दोन्ही कौल कसे पडतात ते सांगितलं. टॉवर-बिवर फार बोलले नाही. म्हणाले, पाटाचं पाणी तुम्ही रोज बघता. वरच्या सगळ्यांनी एकदम दारं उघडली की टेलाच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या रानात थेंब येत नाही. तेव्हा तुम्ही म्हणता का, की टेलावरच्याची सून पांढऱ्या पायाची? पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला जाब विचारता ना? हा कल्याण पाटकरी झाला होता. दारं त्याच्या तोंडच्या शब्दावर उघडत-मिटत होती. आणि त्याचा बाप तूप लावायचा. ते तुपाचंही मी तिथेच सांगितलं, मनकर्णाचं नाव घेऊन, ज्या म्हाताऱ्यांनी तेव्हा माना डोलावल्या होत्या त्यांच्याकडे एकेकाकडे बघत. भीमा पुढच्याच रांगेत होता. आईला का काढलं होतं, ते त्याला वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदा नीट कळलं. त्याने टोपी काढली आणि डोळ्यांवर धरली.

शेवटी लोकांच्या हट्टाखातर देवीच्या फोनवरून संदीपला व्हिडिओ लावला. सगळ्यांनी फोन खाली ठेवले होते. संदीप बोटाला पट्टी बांधून डबा खात होता. एवढी माणसं बघून बिचारा घास गिळायचा विसरला.

पुढे काय झालं तेही सांगते. भागिरथीने स्वतः जाऊन जादूटोणाविरोधी कायद्याखाली फिर्याद दिली. कल्याण काही दिवस आत होता, आता जामिनावर आहे. खटला चालू आहे. गावातलं घर विकून तो निघून गेला. मध्यंतरी श्रीगोंद्याकडे लग्नाच्या वरातीत स्पीकरचा टेम्पो चालवताना कुणाला दिसला म्हणतात. मला त्याची दया येत नाही, आणि येत नाही हे सांगायला लाजही वाटत नाही. प्रज्ञाची बदली झाली. त्याआधी तिने पोरांना टेकडीवर नेऊन मौन आणि जागर दोन्ही करून दाखवले, आता गावातली चौथीची पोरंही तो चमत्कार करतात. भागिरथीने सुनेची माफी कधी तोंडाने मागितली नाही. पण दुसरी म्हैस घेतली ती निकिताच्या नावावर. निकिताला मुलगी झाली आहे, तिचं नाव ज्ञानेश्वरी. भीमाने बेलापूरच्या विहिरीपाशी आईच्या नावाने एक लिंब लावला. आणि टेकडीवर मंगळवारी अजूनही थोड्या बाया जातात, नारळ फोडतात, परत येतात. फोन कुणी तिथे ठेवत नाही.

देवीला हात जोडायला माझी ना नाही. ज्याने त्याने आपल्या मनाचं बघावं. पण देवीचं उत्तर कुणी तिसरा माणूस सांगू लागला की थांबा. त्याला परत तेच करून दाखवायला लावा, त्याच्या मर्जीने नाही, तुमच्या. गर्दीत एकदा आणि रिकामं असताना एकदा. त्याचा फोन घ्या, मग दुसऱ्या कंपनीचा घ्या. जे खरं असतं ते तपासल्याने झिजत नाही. खोटं असेल तर तपासणाऱ्यावर आधी तेच चिडतं. आणि त्या उत्तरात कुणा बाईला घराबाहेर काढायला सांगितलं असेल, तर तपासायला उद्यावर टाकू नका.